वाचक विचारतात: आमदारांनी नक्की केलं काय?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो, की आपल्याकडे आमदार ओळखतात तो बॅनरवरच्या फोटोवरून, कामावरून ओळखणारे थोडेच. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की पोस्टमन पण विचारायला लागला काय छापलंत म्हणून. निम्म्यांनी झापलंय, निम्म्यांनी विचारलंय की मग कामावरून ओळखायचं कसं ते तरी सांगा. म्हणून ह्या वेळी आंब्याचा मोहोर, सातबारा वगैरे सगळं बाजूला, फक्त हाच विषय. एक आधीच सांगून ठेवतो, आत्ता खुर्चीत असलेल्या कुणाचंही नाव खाली येणार नाही. घाबरतो म्हणून नाही (थोडा घाबरतोही), पण अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत कोण कुठल्या पक्षात असेल ह्याची गॅरंटी मी कशी देऊ?

मी बारावीला आहे. कॉलेजच्या वार्षिकांकात 'आपल्या आमदारांची ओळख' असा लेख लिहायचाय. त्यांच्या ऑफिसात गेले तर त्यांनी गुळगुळीत कागदाचा कार्यअहवाल दिला, आत सगळे फोटोच. खरी माहिती कुठे मिळेल? – एक विद्यार्थिनी, देवगड

तो अहवाल टाकू नकोस हां, कामाचा आहे. पेन्सिल घे आणि नारळ फोडतानाचे फोटो किती आणि फीत कापतानाचे किती ते मोज. नारळ म्हणजे भूमिपूजन, फीत म्हणजे लोकार्पण. नारळ चाळीस आणि फिती सहा निघाल्या तर तुझ्या लेखाचा पहिला पॅरा तयार झाला, आणि तोसुद्धा त्यांच्याच पुस्तकातून.

आता खरी माहिती. निवडणुकीचा अर्ज भरताना प्रत्येक उमेदवाराला एक शपथपत्र द्यावं लागतं, नमुना २६ म्हणतात त्याला. सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालानंतर हे आलं, त्याआधी आपल्याला उमेदवाराबद्दल कायदेशीर असं काहीच कळत नव्हतं, गावातल्या पारावर जे कळेल ते. ह्या शपथपत्रात शिक्षण असतं, कुठल्या साली कुठून पास झाले ते. धंदा काय ते. स्वतःची, बायकोची किंवा नवऱ्याची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, सोनं, गाड्या, जमिनी गट नंबरासकट, कर्ज, सरकारची थकबाकी, मागच्या पाच वर्षांचं रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न, आणि अंगावरच्या केसेस. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर स्कॅन केलेली कॉपी मिळते. हस्ताक्षर कधी कधी असं असतं की डॉक्टरांची चिठ्ठी बरी, पण वाचता येतं.

एकच शपथपत्र वाचून काही कळत नाही. एकाच माणसाची दोन-तीन निवडणुकांची शेजारी शेजारी ठेवायची. मी तालुक्याच्या गावात वीसेक वर्षं बातम्या लिहिल्या, त्या काळात एकदा एकाची तीन शपथपत्रं जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो होतो. पहिल्यात धंदा 'शेती', दुसऱ्यात 'शेती व व्यवसाय', तिसऱ्यात नुसता 'व्यवसाय', आणि जमिनीची यादी दर पाच वर्षांनी हायवेच्या दिशेने सरकत गेलेली. ह्यात बेकायदा काही आहे असं मी म्हणत नाही, माणूस कष्टाने वर येऊ शकतो. पण वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, आणि शपथपत्र त्यासाठीच असतं.

केसेसचा आकडा बघून घाबरू नकोस आणि हुरळूनही जाऊ नकोस. कलमं बघ. आपल्याकडे आंदोलनाच्या केसेस भरपूर असतात, जुन्या भादंविचं १४३ म्हणजे बेकायदा जमाव, १८८ म्हणजे आदेश मोडला, ३५३ म्हणजे सरकारी माणसावर कामात असताना बळजबरी. १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहिता आली, त्यात हीच अनुक्रमे १८९, २२३ आणि १३२ झाली, त्यामुळे नव्या शपथपत्रात दोन्ही प्रकारचे आकडे दिसतील, गोंधळू नको. प्रकल्पाच्या विरोधात रस्त्यात बसला म्हणून केस आणि फसवणुकीची ४२० ची केस, दोन्ही यादीत एकेकच ओळ घेतात, पण दोघांना एका मापात मोजणार आहेस का? आणि केस चालू असणं वेगळं, शिक्षा होणं वेगळं. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा लागली तर आमदारकी तिथल्या तिथे जाते, २०१३ च्या निकालापासून. आधी अपील केलं की खुर्ची वाचायची.

तिसरी गोष्ट म्हणजे सभागृह, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. आमदार हा मुळात कायदे करायला आणि सरकारला जाब विचारायला निवडलेला माणूस आहे. वर्षाला तीन अधिवेशनं होतात, बजेटचं आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तिथे त्यांनी किती तारांकित प्रश्न टाकले, किती लक्षवेधी (म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायच्या सूचना) लावल्या, चर्चेत किती वेळा बोलले हे विधिमंडळाच्या कागदांत असतं आणि बरंचसं वेबसाइटवरही सापडतं. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने उभं राहून द्यायचं आणि वर उपप्रश्नही विचारता येतात, अतारांकित म्हणजे लेखी उत्तर. नुसता आकडा मोजू नकोस. ज्यात तालुक्याचं, धरणाचं, शाळेचं नाव आहे असा प्रश्न शोध आणि मग मंत्र्याने उत्तर काय दिलंय ते वाच. 'अंशतः खरे आहे' हे मंत्र्यांचं लाडकं उत्तर, ते दिसलं की समजायचं प्रश्न बरोबर ठिकाणी लागलाय.

आणि हो, आमदार जर मंत्री असतील तर त्यांच्या नावावर प्रश्न दिसणारच नाहीत कारण मंत्री उत्तरं देतो, विचारत नाही. तेव्हा 'आमच्या आमदारांनी एकही प्रश्न विचारला नाही' असं छापून स्वतःचं हसं करून घेऊ नको, माझ्या एका मित्राने केलं होतं, अजून चिडवतात त्याला.

आमच्या वाडीत पाखाडी (पायऱ्यांची वाट) झाली, त्यावर मोठ्ठा बोर्ड 'आमदार साहेबांच्या स्वतःच्या निधीतून'. एवढे पैसे ते खिशातून घालतात का हो? – एक वाचक, गुहागर

नाही हो. तो बोर्ड वाचला की माझं डोकं फिरतं. आमदार स्थानिक विकास निधी म्हणजे सरकारचा पैसा, म्हणजे तुमचा. महाराष्ट्रात तो वाढत वाढत आता एका आमदारामागे वर्षाला ५ कोटींवर गेलाय. ह्यातला एक रुपया आमदारांच्या हातात येत नाही. ते फक्त पत्र देतात की अमुक वाडीत पाखाडी करा. ते पत्र जातं जिल्ह्याच्या नियोजन ऑफिसात, कलेक्टर प्रशासकीय मान्यता देतात, बांधकाम खातं किंवा जिल्हा परिषद एस्टिमेट करते, टेंडर निघतं आणि मग गवंडी येतो. आमदाराचं काम निवड करणं एवढंच, पण ती निवड मात्र त्याचीच, आणि तिथेच खरा माणूस दिसतो.

हिशेब करून बघा. समजा मतदारसंघात दोनशे गावं आहेत, तर ५ कोटी वाटून एका गावाला अडीच लाख येतात. गावात वाड्या असतात बारा. अडीच लाखात काय होतं? एक लहानशी संरक्षक भिंत, नाहीतर पाखाडीच्या चार वळणांतलं एक वळण. म्हणून निधी 'आणला' ह्या शब्दाला फार भुलू नका. बघायचं ते हे, की सभामंडप किती, हायमास्ट किती आणि पाण्याची, शाळेची कामं किती. हायमास्ट दिवा लांबून दिसतो म्हणून सगळ्यांचा लाडका. आमच्या बाजूच्या एका वाडीत असा दिवा आहे, खाली नळाला पाणी एक दिवसाआड, पण कळशी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांवर उजेड काय पडतो म्हणून सांगू!

कोनशिलेचं तर विचारू नका. मी एक साकव (वहाळावरचा लहान पूल) बघितलाय, म्हणजे साकव बघितला नाही, तो पहिल्याच मोठ्या पावसात गेला, पण कोनशिला जागच्या जागी होती, ग्रॅनाइटची, नावं सोनेरी रंगात, तीन साहेब आणि पाच प्रमुख उपस्थिती. कामाचं नाव सगळ्यात खाली बारीक अक्षरात आणि रक्कम कुठेच नाही.

मुंबई-गोवा हायवे एवढी वर्षं रखडलाय, आमचे आमदार काय झोपलेत का? दर गणपतीला पाठीचे मणके मोजत येतो. – एक चाकरमानी, डोंबिवलीहून, गाव लांजा

तुमच्या मणक्यांबद्दल सहानुभूती आहे, माझेही त्याच रस्त्यावर मोजून झालेत. पण हा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा १७ आणि आताचा ६६. २०११ च्या सुमाराला चौपदरीकरण सुरू झालं. हा विषय केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा, म्हणजे जाब विचारायची पहिली जागा लोकसभा, तुमचे खासदार. आमदार ओरडू शकतात, विधानसभेत चर्चा लावू शकतात, राज्याच्या बांधकाम खात्याकडे जे टप्पे होते त्याबद्दल तर नक्कीच विचारू शकतात, पण फक्त त्यांच्यावरच राग काढलात तर खासदार एसी गाडीत निवांत. गंमत म्हणजे भूमिपूजनाच्या बोर्डावर दोघंही असतात, खड्ड्याच्या वेळी मात्र प्रत्येकाला आपापलं कार्यक्षेत्र आठवतं.

आमचे आमदार विरोधी पक्षात. सगळे म्हणतात आता पाच वर्षं काम होणार नाही, सत्तेतला निवडायला पाहिजे होता. खरंय का? – एक वाचक, उरण

उरणच्या माणसाने हे विचारावं? तुमच्याच जासईचे दि. बा. पाटील पाच वेळा पनवेलचे आमदार आणि दोनदा खासदार झाले, तेही शेतकरी कामगार पक्षातून, विरोधी बाकावर, विरोधी पक्षनेतेही होते. मंत्रिपदाशिवाय त्यांनी काय केलं? नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा मोबदल्याच्या लढ्यात ते पुढे होते, जानेवारी १९८४ मध्ये तुमच्याच भागात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. आज तिथे एखादा माणूस 'साडेबारा टक्क्यातला प्लॉट' म्हणतो ना, तो दि. बां.चा रेकॉर्ड. विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून लोक रस्त्यावर उतरले ते काय उगाच?

आणि त्याच्याही मागे जा. आपल्याकडे खोती होती, आजोबांना विचारा. खोत सरकार आणि कुळाच्या मध्ये बसलेला, सारा भरायचा थोडा आणि कुळाकडून घ्यायचा त्याला वाटेल तेवढा. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती बंद करायचं विधेयक मांडलं, ते स्वतंत्र मजूर पक्षाचे म्हणजे विरोधातलेच. (त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, तेव्हा घरचाच विषय.) १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी हजारोंच्या संख्येने मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. विधेयक पास झालं का? नाही. खोती रद्द करणारा कायदा आला १९४९ साली. पण विषय सभागृहाच्या कागदावर आणला कुणी हे आज कुणीही काढून बघू शकतो.

बॅ. नाथ पै वेंगुर्ल्याचे, १९५७ पासून तीनदा राजापूरचे खासदार, प्रजा समाजवादी, म्हणजे कधीच सत्तेत नाहीत. १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही, तर नाथ पैंनी घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत आणायला अशासकीय विधेयक मांडलं. अशासकीय म्हणजे जे मंत्री नाही तर साधा सदस्य मांडतो, शुक्रवारच्या दिवसाला ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा वाऱ्यावर जातं. ह्यावर मात्र देशभर वाद झाला, मोठमोठे वकील दोन्ही बाजूंनी भांडले. १८ जानेवारी १९७१ ला नाथ पै गेले, वय अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली, साधारण त्याच मुद्द्यावर. ते बरोबर होते की चूक ह्यावर अजून वाद घाला, घालायलाच पाहिजे, पण वेंगुर्ल्यासारख्या गावातून गेलेल्या विरोधी खासदाराच्या कागदावर अख्खा देश बोलत होता.

हां, एक मान्य करतो. विरोधातल्या आमदाराच्या फायली हळू हलतात, हे मी डोळ्याने बघितलंय. म्हणजे पाखाडी उशिरा होईल. ते नाकारण्यात अर्थ नाही.

कोकण रेल्वे कुणी आणली ह्यावरून आमच्या घरात गणपतीत भांडण झालं. काका म्हणतात दंडवते, मामा म्हणतात जॉर्ज फर्नांडिस, आजोबा तिसरंच नाव घेतात. – एक वाचक, सावंतवाडी

आजोबा बहुतेक अ. ब. वालावलकरांचं नाव घेत असणार, आणि ते बरोबर आहे. सरकारच्या मनात नव्हतं तेव्हापासून किनाऱ्याने रेल्वे कशी जाईल ह्याचा ध्यास घेऊन पायी हिंडणारा तो माणूस. काका-मामाही बरोबर आहेत, त्यामुळे मोदक परत एकत्र खा.

प्रा. मधू दंडवते मूळ अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, कोकणाशी रक्ताचं नातं नाही. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात होते, वर्षभर विधान परिषदेत होते, आणि नाथ पै गेल्यावर १९७१ ला राजापुरातून लोकसभेला उभे राहिले. पाच वेळा निवडून आले. आणीबाणीत बंगलोरच्या जेलमध्ये. १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि ह्या माणसाने पहिलं लक्ष कुठे दिलं? सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम. तुमच्या आजोबांना विचारा, लाकडी फळीवर रात्र काढणं म्हणजे काय असतं. आज स्लीपरमध्ये पाठ टेकतो तेव्हा कुणाला आठवतं का? १९७४ च्या संपात काढून टाकलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं तेही त्यांच्याच काळात.

मग १९८९ ला व्ही. पी. सिंगांच्या सरकारात अर्थखातं दंडवतेंकडे आणि रेल्वे फर्नांडिसांकडे, असा योग परत येणं कठीण. तिजोरीची चावी एकाकडे आणि रूळ दुसऱ्याकडे. १९९० मध्ये कोकण रेल्वेची वेगळी कंपनी निघाली, केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ सहा-सहा, बाकीचा पैसा बाजारातून रोख्यांनी उभा केला, आणि ई. श्रीधरन प्रमुख. रोह्यापासून मंगळूरच्या जवळपर्यंत साधारण ७४० किलोमीटर, कातळ फोडत. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला.

आता माझा आवडता भाग, किंवा नावडता म्हणा. दंडवते त्याआधीच, १९९१ ला, राजापुरातून पडले. रेल्वेचं काम सुरू झालेलं, गाडी अजून यायची होती, आणि आपण त्यांना घरी बसवलं. का पाडलं ह्याची कारणं प्रत्येकाकडे वेगळी आहेत. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने मला सांगितलेलं, "साहेब चांगले, पण लग्नाला येत नसत."

कायदा किंवा ठराव झाला तरी गावात काही बदलत नाही मग सभागृहात बोलून उपयोग काय? – एक शिक्षक, महाड

तुम्ही महाडात बसून विचारताय म्हणून महाडचंच सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कौन्सिलात (म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळात) रावबहादूर सी. के. बोले ह्यांनी ठराव मांडून पास करून घेतला की सार्वजनिक पैशाने बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद तयार, पण पाण्याला हात लावायची सोय नाही. १९२६ ला बोल्यांनी दुसरा ठराव आणला की जी पालिका हे पाळणार नाही तिचं अनुदान बंद करा, म्हणजे माणूस नुसता ठराव करून घरी गेला नाही. आणि मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांबरोबर तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यावर मारहाण झाली, तळं 'शुद्ध' करण्याचे प्रकार झाले, कोर्टकचेरी झाली, हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

तुमचा मुद्दा खोटा नाहीच, नुसत्या ठरावाने पाणी मिळालं नाही. पण तळ्यावर जाणारी माणसं कायद्याने बरोबर होती, कारण चार वर्षं आधी कुणीतरी कौन्सिलात उभं राहून ते लिहून घेतलं होतं. महाडात चवदार तळ्याला सगळे जातात, बोल्यांचं नाव मात्र दहा जणांना विचारलं तर एखाद्याला माहीत.

अंतुले साहेबांबद्दल आमच्याकडे अजून दोन तट आहेत. तुमचं मत काय? – एक वाचक, म्हसळा

मला अडचणीत आणायचंय का? असो. बॅ. ए. आर. अंतुले, तुमच्याच तालुक्यातल्या आंबेतचे, १९६२ ला श्रीवर्धनमधून पहिल्यांदा आमदार, जून १९८० ते जानेवारी १९८२ मुख्यमंत्री. दीड वर्षात माणसाने काय काय केलं बघा, कुलाबा जिल्ह्याचा रायगड केला, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा काढला (कणकवलीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामाला रत्नागिरी गाठायला लागायची ते संपलं), आणि १९८० ला संजय गांधी निराधार योजना सुरू केली. आज वाडीवाडीतल्या म्हाताऱ्या बँकेत 'निराधारचे' पैसे आले का विचारायला जातात, ती ही.

दुसऱ्या बाजूला सिमेंट. सिमेंट तेव्हा कोट्याने मिळायचं आणि बिल्डरांनी अंतुल्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानाला देणग्या दिल्या की कोटा मिळतो असा आरोप झाला, हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि खुर्ची गेली. पुढे खटला बरीच वर्षं चालला, १९८८ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी ठरवलं की हा खटला हायकोर्टाकडे द्यायचा आपलाच आधीचा आदेश चुकीचा होता. त्यानंतर अंतुले खासदार झाले, केंद्रात मंत्री झाले.

माझं मत विचारलंत म्हणून, मला दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिलेल्या आवडतात. तुमच्याकडचे दोन तट आपापलं अर्धंच पान वाचतात, आणि म्हणून चाळीस वर्षं भांडण संपत नाही.

मी प्राथमिक शिक्षिका, बावीस वर्षं नोकरी. कोकण शिक्षक मतदारसंघात माझं नाव का नाही? – एक शिक्षिका, दापोली

कारण घटनेतच तसं आहे ताई. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्यांनाच मत, मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं पाहिजे. पहिलीला अआइई शिकवणाऱ्यांचा नंबर लागत नाही. चुकीचं वाटतं ना? मलाही. पण तुम्ही पदवीधर असाल तर कोकण पदवीधर मतदारसंघात नाव घालता येतं, पदवी घेऊन तीन वर्षं झालेली हवीत. नोंदणी दर निवडणुकीला नव्याने करावी लागते, जुनं नाव आपोआप राहत नाही, इथेच सगळे फसतात. आणि ह्या आमदारांचाही रेकॉर्ड विचारत जा, सहा वर्षांची मुदत असते आणि बॅनर कमी असल्यामुळे कुणी विचारत नाही.

आमच्या वाडयेतलो साकव दोन पावसाळे झाले मोडान पडलो हा. मतां मागूक येतत तेव्हा चपला हातात घेवन वहाळ ओलांडतत, मगे इसारतत. आता कोणाक सांगूचा? – एक म्हातारो, कुडाळ तालुको

आजोबानू, आधी एक करा, ग्रामपंचायतीत जाऊन विचारा हा साकव कुणाच्या यादीत आहे, पंचायतीच्या की जिल्हा परिषदेच्या. जिल्हा नियोजनात साकवांसाठी पैसे असतात, पण यादीत नाव गेलं तरच. ग्रामसभेत विषय लिहून घ्या, तोंडी नको, आणि प्रोसिडिंगमध्ये आला की नाही ते वाचून मगच सही करा. त्याची एक नक्कल आमदारांच्या ऑफिसात द्या आणि दुसऱ्या नक्कलवर 'पोहोच' म्हणून शिक्का घ्या. शिक्का द्यायला ते काचकूच करतील, उभे राहा.

तरी नाही झालं तर माहिती अधिकार. अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत: गेल्या पाच वर्षांत आपल्या गावासाठी आमदार निधीतून कुठली कामं सुचवली, किती रुपयांची, कुठली पूर्ण झाली. जिल्हा नियोजन ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्यायचा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, पिवळं कार्ड असेल तर फी नाही, नाहीतर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. ते तहसीलच्या बाहेर मिळतं, सुट्टे घेऊन जा, तो पन्नासची नोट मोडत नाही.